पोरांची अदलाबदल

समोरच्या दाराआड टेरेल रडायला लागला, तशी शर्लीनच्या हातातली मॅकरोनी हातातच राहिली. तिच्या मांडीवर जेवायला बसली होती समोरच्या कियानाची झोई. टेरेल, शर्लीनचा स्वतःचा पाच वर्षांचा पोरगा, कियानाच्या घरात होता. सकाळपासून त्याच्या अंगात ताप होता.

अमेरिकेतल्या मिलवॉकीत सरकारी भत्ता हवा तर आधी काम करून दाखवावं लागे. स्वतःचं पोर सांभाळलं तर ते काम धरत नसत, शेजारणीचं सांभाळलं की धरत. मग या दोघींनी पोरंच बदलून घेतली. युक्ती शर्लीनची, त्यामुळे आता बोंब मारायचीही सोय नव्हती.

कियाना गाऊ लागली आणि रडणं थांबलं. बरं वाटायला हवं होतं. पण शर्लीनच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्याकडे तासभर गळा काढतो, आणि हिच्या एका गाण्यात गप्प!

झोईला काखोटीला मारून ती समोर गेली आणि दार लोटलं. टेरेल कियानाच्या मानेत तोंड खुपसून पडला होता. कियाना हळूहळू डुलत होती, अगदी आईसारखी.

"दे इकडे त्याला."

"वेडी का काय तू? भत्त्याच्या ऑफिसातली बाई तपासायला कधीही येऊन टपकेल. तुझा पोरगा तुझ्याच मांडीवर दिसला, तर दोघींचा भत्ता बंद."

"होऊ दे बंद! काय गं, काय खाऊ घालतेस त्याला, एवढा चिकटलाय तो?"

"तू माझ्या पोरीला घालतेस तेच. काल माझ्या हातचा घास थुंकला तिनं. म्हणाली, शर्लीनसारखं कर."

हे ऐकून शर्लीनला फार बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण बरंच वाटलं. तिनं झोईला खाली ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"ये रे राजा. मम्मा आलीये बघ."

टेरेलनं तापलेले डोळे उघडले. तिच्याकडे नीट पाहिलं.

"आत्ता नको, मम्मा," तो तिची समजूत काढत म्हणाला. "तू कामावर आहेस ना? सुटलीस की ये."