वळसा

गॅसची शेगडी डोक्यावर आणि पातेलं कमरेवर घेऊन शेवंता सवयीनं टॉवरच्या गेटाशी आली. सहा वर्षं ती इथूनच कारखानीस वहिनींकडे पोळ्या लाटायला जात होती. आज मात्र तिच्या मुठीत स्वतःच्या नव्या घराची चावी होती.

“मावशी, झोपडपट्टीवाल्यांच्या बिल्डिंगचं गेट मागच्या रस्त्याला,” वॉचमन म्हणाला. “मधे भिंत घातलीय. वळसा घ्या.”

तो वीस मिनिटांचा वळसा तिनं जवळजवळ पळतच घातला. सातव्या मजल्यावर आपल्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली, तर समोर हाकेच्या अंतरावर वहिनींचंच स्वयंपाकघर!

“वहिनी, अहो वहिनी! दूध उतू घालवतेय. घरात पहिलं पाऊल तुमचंच हवं. या ना!”

वहिनींनी खिडकीतून हात हलवला. “अगं, ऊन केवढं, वळसा केवढा! इथूनच दिसतंय की सगळं. जाऊ दे उतू.”

पातेल्यात दूध फुगून काठापर्यंत आलं होतं. शेवंतानं झटकन गॅस बंद केला.

“मला तर आता रोजच घालायचाय तो वळसा,” ती हसत ओरडली. “तुम्ही आजच्या दिवस घाला. तुम्ही आल्याशिवाय नाही उतू जाऊ द्यायची मी!”

समोरची खिडकी रिकामी झाली. शेवंता खाली वाकून रस्ता बघत राहिली. बऱ्याच वेळानं ठेवणीतली साडी नेसलेल्या वहिनी, छत्री सावरत, भिंतीच्या कडेकडेनं येताना दिसल्या.

शेवंता गॅस पेटवायला धावली.