खडखड

चाकणच्या कंपनीत इंजिनं जोडणाऱ्या समाधानचं काही ठरत नव्हतं. शोरूममधली टर्बोवाली नवी गाडी घ्यावी, की आपल्या जुन्या गाडीलाच टर्बो बसवून घ्यावा? त्यात दात येणारी तान्ही लेक जुई आठवडाभर घरात कुणाला झोपू देत नव्हती. नव्या गाडीच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये तर तिनं भोकाडच पसरलं. तिथून तो जुनी गाडी घेऊन दापोडीला अन्वरभाईंच्या गॅरेजवर आला.

"इंजिन बंद करा, भाऊ."

"नको."

"का, स्टार्टर गेलाय?"

समाधाननं मागच्या सीटकडे बोट दाखवलं. बायकोच्या मांडीवर जुई झोपली होती. बायकोही झोपली होती.

"टर्बो बसवायचा तर आधी इंजिनाची ही खडखड काढावी लागेल," बॉनेट उघडून आत बघत अन्वरभाई हळू आवाजात म्हणाले.

"मग राहू द्या."

अन्वरभाईंनी बॉनेट नेहमीसारखं आपटलं नाही, दोन्ही हातांनी थोपटत लावलं.