पाण्याबाहेरचा अंगठा

“पाय वर आला,” म्हातारा रुलॉन म्हणाला. “घे पुन्हा.”

कुंडात कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या ट्रेंटने मान हलवली. त्याची आठ वर्षांची ब्रिन पांढऱ्या कपड्यांत नाकातोंडातलं पाणी पुसत होती. बाप्तिस्म्याचा नियम मॉर्मन पंथाच्या ख्रिस्त्यांच्या घरात पोरासोरांनाही पाठ असतो. अख्खं अंग बुडालं पाहिजे. केसाची बट तरंगली, पायाचा अंगठा दिसला, की सगळं मुसळ केरात. काठावर दोन साक्षीदार त्यासाठीच उभे असतात. त्यातला एक ट्रेंटचा सख्खा बाप होता. नातीसाठी डोळेझाक करील तर तो रुलॉन कसला!

ट्रेंटने हात उंचावून ठरलेले शब्द पुन्हा म्हटले, लेकीला मागे झुकवून बुडवलं. अंगठा टुणकन वर.

“पुन्हा.”

“पोरगी बदकाच्या जातीची दिसते बाई!” मागच्या बायकांत कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. ट्रेंटची बायको जेनेल तेवढी हसली नाही.

ट्रेंटने तिची नजर टाळली. त्याने परवानगी देणाऱ्या बिशपच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं होतं, “हो, माझी श्रद्धा आहे.” धडधडीत खोटं. ती कधीच आटून गेली होती. पण तसं कबूल केलं असतं, तर लेकीला पाण्यात उतरवायला दुसरा कुणी उभा राहिला असता. “पोरीचं एवढं तुझ्या हातून होऊ दे,” जेनेल स्वयंपाकघरात हलक्या आवाजात म्हणाली होती. “मग जा तुझ्या वाटेनं. मेल्यावरही एकत्र राहायचं लग्नातलं वचन तुला खोटंच वाटतं, तर मी कशाला अडवू?” त्याची बॅग भरून गाडीच्या डिकीत पडली होती. सकाळी तिथे टॉवेल ठेवायला ब्रिनच धावत गेली होती.

पुढच्या खेपेलाही अंगठा वर आला. आता कुणी हसलं नाही.

देव नाही म्हणत होतास ना लेका? मग हे काय चाललंय? त्याने स्वतःलाच विचारलं. आजारपणात दारात गरम जेवण आणून ठेवणारी, न सांगता अंगणातला बर्फ उपसून जाणारी ही माणसं. यांच्यातून उठून जायचं, ते असं तोंड काळं करून?

“बाबा, माझ्याच्यानं नाही होत,” तो काठाकडे बघून म्हणाला. “दुसऱ्या कुणाला तरी...”

“गप! माझ्या बापानं मला बुडवलं, मी तुला बुडवलं.” म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. “तिचा बाप तू आहेस. घे पुन्हा.”

ट्रेंट खाली वाकला. ब्रिनने त्याच्या गळ्याला घट्ट मिठी मारली आणि ओलं तोंड त्याच्या कानाशी नेलं.

“पप्पा, मीच काढते पाय वर,” ती हुंदका गिळत म्हणाली. “हे झालं की तू बॅग घेऊन जाणार ना?”