कोमट बाटली

“मॅडम, तुमच्या लाळेत अनुभवच नाही. समोरच्या कंपनीचं मशीन लगेच नापास करेल,” बायोडाटा सेंटरचा धुमाळ म्हणाला आणि त्याने शर्वरीपुढे कोमट बाटली ठेवली. “ही लाळ तोंडात धरा. तीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केलेल्या माणसाची आहे. आज सकाळचीच.”

आत पांढरट फेस होता. शर्वरीने डोळे मिटून घोट घेतला. ती बुळबुळीत, परकी थुंकी जिभेवर पसरली आणि ती थुंकायला पुढे झुकली. मग लवंगेची चव लागली. रिटायर झाल्यापासून बाबा रोज सकाळी गालात लवंग धरून ‘फिरायला’ जायचे.

“थुंकू नका हं!” धुमाळ ओरडला. “हल्ली तोंड कोरडं पडतं म्हाताऱ्याचं.”

शर्वरीने ओठ घट्ट मिटले आणि ती समोरच्या कंपनीत मशीनपुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली.