बाकावरची म्हातारी

रविवारी दुपारी सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागातल्या फ्लॅटमध्ये मैत्रेयी लेकीबरोबर एक संथ, गूढ आइसलँडिक मालिका बघत होती. पडद्यावर बर्फाने झाकलेलं गाव होतं. तिथे बाकावर पाठमोरी बसलेली एक म्हातारी अचानक मराठीत म्हणाली, "मैतू, कधी येतेस गं?"

"मम्मी, धिस आंटी स्पीक मराठी, लाह!" लेक सिंगापुरी इंग्रजीत हसत म्हणाली.

मैत्रेयीच्या हातातला चहा सांडला. आवाज आईचा होता. आजारपणात आई फोनवर रोज हेच विचारायची आणि मैत्रेयी ऑफिसचं कारण सांगून टाळायची. शेवटी ती पोचली, तेव्हा सगळं उरकलं होतं.

"आई, आत्ता निघते," ती रडत पडद्याला म्हणाली.

म्हातारीने हळूच मान वळवली.

"आता नको येऊस, बाळा. इथे फार थंडी आहे."