ऐंशीच्या पुढे

धोंडू तावड्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि सुनेच्या पोळपाटाशेजारी ठेवून दिलं.

"घे गो बाय. माका आता ह्याची गरज नाय."

दिशाच्या हातातलं लाटणं थांबलं. आज आबांना ऐंशी पूर्ण झाली होती. संध्याकाळी सगळे जमणार होते.

"आबा, गोराईला नाही जायचं? वाढदिवसाच्या दिवशी?"

"नाय," आबा म्हणाले आणि खिडकीतल्या खुर्चीत जाऊन बसले.

हे म्हणजे अतिच झालं. चारकोपच्या त्यांच्या सेक्टरमध्ये कुणालाही विचारा. सोमवार असो नाहीतर दिवाळी, चहा झाला की तावडे आजोबा चपला पायात सरकवतात, बसने खाडीपर्यंत जातात आणि होडीने पलीकडे गोराईला उतरतात. तिथे पास्कल असतो. तरुणपणी दोघे एकाच गिरणीत साचेवाले होते, मागावर कापड विणायचे. गिरणी गेली, मग पास्कलची बायको गेली, मग आबांची सुगंधा गेली. राहिले हे दोघे. पास्कलच्या अंगणात बसून ते तासन्तास भांडतात. विषय एकच, बोंबील ताजे चांगले की सुके. इतक्या वर्षांत निकाल लागलेला नाही आणि लागावा अशी दोघांचीही इच्छा नाही.

गेल्या वर्षी आबा धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवर घसरले. मुलगा राजेश म्हणाला, बास झालं आता, घरी बसा. तेव्हा सूनच मध्ये पडली. तिने हे स्मार्टवॉच आणलं. आबा कुठे पडलेच तर तिच्या मोबाइलवर लगेच मेसेज. "हे हातात असेल तर खुशाल जा," असं त्यांना सांगून तिने नवऱ्याला गप्प केलं. तेव्हापासून आबा होडीत भेटेल त्याला सुनेचं कौतुक ऐकवत होते.

म्हणूनच तर मागच्या आठवड्यात ते ऐकून त्यांना एवढं लागलं.

दिशा फोनवर होती. पलीकडे तिची नणंद, मुलुंडची दर्शना. आबा पाणी प्यायला उठले आणि दाराआडून त्यांच्या कानावर आलं, "मी तर ऐंशीवरच थांबवते, ताई. पुढे जाऊच द्यायचं नाही. शंभर कशाला हवेत? शंभरपर्यंत ताणलं की आतून खराब होत जातं सगळं. ऐंशी भरपूर झाले." पलीकडून दर्शना, म्हणजे आबांची सख्खी लेक, काहीतरी बोलली असणार, कारण दिशा हसून म्हणाली, "हो ना, तुम्हीपण तुमच्या सासऱ्यांचं तेच करा!"

आबा पाणी न पिताच परत गेले.

भांडले नाहीत. भांडायची तर त्यांना चांगली सवय आहे. पण सून वाईट नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिच्या हातचे कुरकुरीत बोंबील खाणाऱ्या माणसाने तिला वाईट म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने? दमली असेल बिचारी. घोर लावणारा म्हातारा घरात असला की कोणीही मेटाकुटीला येईल. ऐंशीपर्यंत गोराईला जाऊ दिलं हेच खूप झालं. असं स्वतःला समजावत त्यांनी आठवडा काढला. काल तर पास्कलचा निरोपही घेऊन आले. पास्कल येडाच. "मग उद्यापासून मी भांडू कोणाशी रे?" म्हणत त्याने भर अंगणात डोळे पुसले आणि सुके बोंबील त्यांच्या पिशवीत कोंबले.

आता दिशा पिठाच्या हातांनीच त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"आबा, खरं सांगा. पाय दुखतोय?"

"पाय बरो आसा."

"मग?"

"तूच म्हणालंस ना दर्शनाक," आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "ऐंशीच्या फुडे जावक देवचा नाय. शंभर कशाक होये. मगे? झाली आज ऐंशी. आता मी खंय जावचंय नाय."

दिशाला आधी काही कळेचना. मग कळलं. हसावं की रडावं अशी वेळ आली. तिने दोन्ही केलं.

"अहो आबा! ते घड्याळाचं चाललं होतं! चार्जिंगचं!" ती पोळपाटाशेजारचं घड्याळ घेऊन आली. "हे बघा, किती दिसतंय? ऐंशी. रोज ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबतं, मीच तसं करून ठेवलंय. ताईंनी त्यांच्या सासऱ्यांना असंच घेतलंय ना, म्हणून त्यांनाही सांगत होते. बॅटरी रोज गच्च भरून ठेवली की लवकर म्हातारी होते. ऐंशीवर अडवलं की जास्त वर्षं टिकते. आणि गोराईला जाऊन यायला ऐंशी पुरतात तुम्हाला."

आबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग सुनेकडे. त्यांच्या जिवात जीव आला होता. पण इतक्या लवकर कबूल करतील तर ते मालवणी कसले!

"मगे सरळ शंभर भर गो," ते रुसव्यातच म्हणाले. "लवकर खराब झाला तर झाला. माज्यासारख्या म्हाताऱ्याक ता अशी किती वर्सां लागतला?"

दिशाने त्यांचा हात ओढून घेतला. तिच्या गालाला पीठ लागलं होतं आणि डोळे अजून ओले होते. तिने घड्याळाचा पट्टा त्यांच्या मनगटावर घट्ट आवळला.

"आणि नव्वदीला गोराईला निघाल, तेव्हा तुमच्या हातात काय बांधू मी?"