कोंड्याच्या बदल्यात

तांदूळबाईंनी वजनाचा काटा पुन्हा एकदा झटकून पाहिला. काटा काही आपल्या म्हणण्यावरून हटेना. झोळीतल्या छकुलीचं वजन मागच्या वेळेपेक्षाही कमी भरलं होतं.

"उतरवा तिला," त्या म्हणाल्या.

आईने पोरीला कडेवर घेतलं. पोर रडलीसुद्धा नाही, आणि तेच बाईंना सोसवेना. निम्मं आयुष्य प्रयोगशाळेत घालवून त्यांनी हा भरपूर प्रथिनांचा तांदूळ तयार केला होता. गल्लीतल्या अशक्त मुलांच्या घरी स्वतः पोती पोचवली होती. गल्लीने त्यांचं नाव तांदूळबाई ठेवलं, तेव्हा त्या मनातून सुखावल्याच होत्या.

"भात खाते ना ही?"

"खाते की. तुमच्याच तांदळाचा, बाई. दुसरा दाणा घरात येऊ दिला नाही मी." आईने डबा उघडून पुढे केला. तळाशी थोडासाच उरला होता.

तांदूळ पांढराशुभ्र होता. बाईंनी चिमूटभर घेऊन बोटांत चोळला. त्यांनी दिलेला तांदूळ तपकिरी होता, खरबरीत. सगळं सत्त्व त्या वरच्या सालीत होतं.

"हा इतका पांढरा कसा?"

"गिरणीतून पॉलिश करून आणला, तोही दोनदा." आईचा चेहरा खुलला. "तुम्ही एवढ्या मायेनं दिलेला. पोरीला तसाच मातकट कसा घालायचा? आणि गिरणीवाले काका पैसे मागत नाहीत, कोंडा ठेवून घेतात. सगळी गल्ली तिथूनच आणते."

पॉलिश करू नका, हे सांगायचं बाईंना सुचलंच नव्हतं. प्रयोगशाळेत दाणा सालीसकट तपासत. जगभराच्या शंका त्यांनी काढल्या होत्या, समोरची गिरणी तेवढी डोक्यात आली नव्हती. आता पोती संपली होती. नवं पीक पुढच्या वर्षी. छकुलीकडे बघून त्यांनी पुढच्या वर्षाचा विचार सोडून दिला.

"बाई, माझं काही चुकलं का?"

"नाही हो. तुमचं नाही."

आईला हायसं वाटलं. गिरणीच्या दारात काकांची गाय बांधली होती, तुकतुकीत, भरल्या अंगाची. पोरीचा काडीसारखा हात धरून आई तिला दाखवू लागली.

"ती बघ हम्मा. केवढी छान झाली बघ."